बिकिनीचा होकार

इतिहासाची साधने म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मोडी कागदांचे रुमाल येतात, बखरी येतात, ताम्रपट आणि शकावल्या येतात. राजवाड्यांनी आपल्याला एक गोष्ट पक्की शिकवून ठेवली आहे: बखरकाराच्या शब्दावर भिस्त ठेवू नका, त्या त्या वेळचा अस्सल कागद शोधा. विसाव्या शतकाच्या इतिहासकारापुढे मात्र एक निराळेच साधन येऊन पडले. ते म्हणजे हलती-बोलती चित्रे. येथे कारकून नाही, लेखणी नाही, नकलेतली चूक नाही. माणूस प्रत्यक्ष दिसतो, त्याचा आवाज ऐकू येतो, त्याच्या अंगरख्याच्या सुरकुत्याही मोजता येतात. याहून अस्सल कागद तो कोणता असायचा? पुष्कळ दिवस माझीही अशीच समजूत होती. पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी नावाच्या बेटाची १९४६ सालची चित्रफीत पाहिली आणि ती समजूत ठेवण्याचे धैर्य उरले नाही.

त्या फितीतले एक दृश्य असे आहे. नारळीच्या एका बुंध्यावर गणवेषातला एक गोरा अधिकारी बसला आहे. त्याच्यासमोर वाळूत गावची मंडळी दाटीवाटीने बसली आहेत. पुरुष आहेत, बायका आहेत, पोरेसोरे आहेत. मागे समुद्र. अधिकारी इंग्रजीत बोलतो, दुभाषा ते बेटकऱ्यांना त्यांच्या भाषेत सांगतो. अणूची ही महासंहारक शक्ती आमच्या सरकारला मानवजातीच्या कल्याणाकडे वळवायची आहे, त्यासाठी बिकिनीवर प्रयोग करायचे आहेत. तर तुमची तयारी आहे काय? गावचा प्रमुख ज्यूदा उठतो आणि आम्ही जातो, सारे काही देवाच्या हाती आहे, अशा अर्थाचे चार शब्द बोलतो. अधिकारी संतुष्ट होतो. सारे देवाच्या हाती आहे म्हणता, मग त्यातून चांगल्याखेरीज दुसरे काय निघणार, असे तो म्हणतो. दृश्य संपते.

आणि पुन्हा सुरू होते. तोच बुंधा, तोच अधिकारी, तीच मंडळी, तोच प्रश्न, तोच होकार. मग पुन्हा एकदा.

बिकिनी हे एक बेट नव्हे. ती प्रवाळाची एक माळ आहे. समुद्रातून जेमतेम हातभर वर आलेली तेवीस लहान बेटे एका मोठ्या सरोवराभोवती कंकणासारखी पसरली आहेत. सरोवराचे पाणी सुमारे २४० चौरस मैल, आणि सगळी जमीन एकत्र केली तरी तीन चौरस मैल भरायची नाही. नारळ, आरारूट, आपल्या केवड्याच्या जातीतली झाडे आणि सरोवरातली मासळी यांवर तिथल्या माणसांचा चरितार्थ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. मार्शल बेटांच्या समूहाचा हा उत्तरेकडचा आडवळणाचा कोपरा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनांनी या समूहावर आपला झेंडा लावला, १९१४ साली जपान्यांनी तो काढून आपला लावला, आणि १९४४ साली अमेरिकेचे आरमार आले. मधल्या काळात मिशनऱ्यांनी बायबल पोहोचवले होते; रविवारची प्रार्थना चुकत नसे. राजे बदलले तरी जमिनीचा तुकडा न् तुकडा कोणत्या घराण्याचा हे ठरलेले होते, आणि तिथल्या माणसाची ओळख त्या तुकड्यावरूनच होत असे.

ज्यूदाला अमेरिकनांनी ‘किंग ज्यूदा’ करून टाकले. वस्तुतः तो राजा वगैरे कोणी नव्हता. आपल्याकडच्या गावपाटलासारखा म्होरक्या होता. पण ‘पाटलाने संमती दिली’ यापेक्षा ‘राजाने संमती दिली’ हे वर्तमानपत्रात शोभून दिसते, हे मान्य केले पाहिजे.

आता तारखा पाहा. आपल्या युद्धनौकांवर अणुबाँब टाकून काय होते ते पाहावे, या अमेरिकी आरमाराच्या योजनेस अध्यक्ष ट्रूमन यांनी १९४६ च्या जानेवारीतच मान्यता दिली होती. २४ जानेवारीस व्हाइस ॲडमिरल ब्लँडी यांनी वॉशिंग्टनला सिनेटच्या समितीपुढे बिकिनीचे नावही जाहीर करून टाकले. मार्शल बेटांचा लष्करी गव्हर्नर कमोडोर बेन वायट हा बिकिनीवर उतरला तो त्यानंतर, १० फेब्रुवारीला. दिवस रविवारचा होता. लोक प्रार्थनेहून परतत होते, आणि वायटने त्यांच्याशी बायबलच्याच भाषेत बोलणे केले. इस्रायलच्या लेकरांना देवाने शत्रूच्या हातून सोडवून वचन दिलेल्या भूमीकडे नेले, त्याचा दाखला त्याने दिला. म्हणजे संमती मागितली गेली ती निर्णय जगजाहीर झाल्यावर सतरा दिवसांनी. ज्यांच्याकडे मागितली त्यांनी दोनच वर्षांपूर्वी जपानी फौजेचा त्या बेटांतून धुव्वा उडालेला पाहिला होता, आणि मागणारा त्या विजयी आरमाराचा अधिकारी होता. अशा प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर असते काय?

१० फेब्रुवारीच्या त्या खऱ्या बैठकीच्या वेळी चित्रण झाले नव्हते. आपण फितीत पाहतो तो प्रसंग ३ मार्चचा, खास कॅमेऱ्यांसाठी घडवून आणलेला. त्या दिवशी प्रार्थनाही चित्रकारांच्या सोयीने झाली. पूर्वजांच्या थडग्यांवर फुले आणि झावळ्या वाहून घेतलेला निरोपसुद्धा पुन्हा पुन्हा घेतला गेला. मला या सर्वांत चमत्कारिक वाटते ते हेच. माणसाने गावच्या मसणवटीचा निरोप घ्यावा, आणि कोणी म्हणावे की उजेड बरोबर पडला नाही, आणखी एकदा घ्या!

सिनेमाच्या धंद्यात रिटेक ही रोजची गोष्ट आहे, त्यात लबाडी कसली, असे कोणी म्हणेल. वायटलाही आपण लबाडी करतो आहोत असे वाटले नसावे. तो सभ्यपणाने बोलतो, चेहऱ्यावर क्रौर्याची रेषाही नाही. परंतु होकार पुन्हा पुन्हा देता येतो आणि प्रत्येक वेळी तसाच येतो, तेव्हा तो होकार राहत नाही, पाठ होतो. चित्रपटगृहात त्यातला एकच तुकडा गेला. लोकांनी तो एकदाच पाहिला आणि खरा मानला. त्या वेळच्या वृत्तपटाचा निवेदक तर मोठ्या खुशीत सांगतो की हे बेटकरी भटक्या वृत्तीचे आहेत, अमेरिकनांमुळे आपल्या आयुष्यात जरा पालट होणार म्हणून ते प्रसन्न आहेत. ज्यांची ओळख जमिनीच्या तुकड्यावरून होते ते भटके!

७ मार्च रोजी १६७ माणसांना आरमाराच्या एका मोठ्या सपाट तळाच्या जहाजावर चढवण्यात आले. त्यांच्या घरांची विणलेली छपरे, होड्या आणि भांडीकुंडीही चढली. पूर्वेला सव्वाशे मैलांवरच्या राँगेरिक नावाच्या प्रवाळमालेवर त्यांना नेऊन सोडले. जागा त्यांनीच निवडली, असे सरकारी कागद सांगतो, आणि ते खरेही आहे. अकरा कुटुंबप्रमुखांपैकी नऊ जणांनी राँगेरिकचे नाव घेतले होते. मात्र ती जागा ओसाड का होती हेही त्यांना ठाऊक होते. जमीन बिकिनीच्या चौथाई, पाणी थोडे, मासळीत काही जाती विषारी, आणि तिथे एक दुष्ट जखीण वावरते अशी जुनी समजूत.

माणसे गेली आणि कॅमेरे आले. इतके कॅमेरे एका जागी त्यापूर्वी कधी जमले नव्हते. जगात त्या वेळी असलेल्या सिनेमाच्या कोऱ्या फितीपैकी निम्मी बिकिनीला नेली होती, असे तेव्हा सांगत. बेटांवर पोलादी मनोरे उभारले गेले. वर शिशाच्या जाड कवचात कॅमेरे बसवले आणि ते दुरून यंत्राने चालतील अशी तजवीज केली. विमानांत कॅमेरे, जहाजांवर कॅमेरे. दोन्ही स्फोट मिळून पन्नास हजारांवर स्थिर छायाचित्रे आणि पंधरा लाख फूट हलती चित्रे निघाली. ही सारी फीत ३५ मिलिमीटरची धरून नेहमीच्या गतीने दाखवू लागलो तर अकरा-बारा अहोरात्र खेळ चालेल. सरोवरात नव्वदांवर जहाजे लक्ष्य म्हणून उभी केली होती. त्यांत पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या वेळची जपानी निशाणनौका ‘नागातो’ होती, जर्मन क्रूझर ‘प्रिन्झ ऑयगेन’ होती, अमेरिकेची स्वतःची विमानवाहू ‘साराटोगा’ होती. जहाजांवर माणसांच्या जागी शेळ्या, डुकरे आणि उंदीर ठेवले होते. प्रयोग राबवायला बेचाळीस हजार माणसे.

पहिला बाँब, ‘एबल’, १ जुलैला विमानातून पडला आणि नेम सहाशे मीटरांहून अधिक चुकला. मोजमापाची यंत्रे आणि पुष्कळसे कॅमेरे भलत्याच जागेकडे डोळे लावून बसले होते. पाच जहाजे बुडाली. वीस मैलांवरून पाहणारे वार्ताहर निराश झाले. एवढेच काय ते, असा सूर निघाला. या निराशेचा एक परिणाम असा झाला, की अणुबाँब म्हणजे जरा मोठा बाँब, अशी समजूत पसरली. चार दिवसांनी पॅरिसमध्ये लुई रेआर नावाच्या माणसाने बायकांचा एक आखूड पोहण्याचा पोशाख बाजारात आणला आणि त्याला ‘बिकिनी’ नाव दिले. आज जगात शंभरातल्या नव्याण्णव लोकांना हा शब्द ठाऊक आहे तो त्या पोशाखामुळे. असो.

दुसरा बाँब ‘बेकर’. तो २५ जुलैला पाण्याखाली नव्वद फुटांवर उडवला, आणि या वेळी कॅमेऱ्यांनी काही चुकवले नाही. सरोवराचे पृष्ठ प्रथम पांढरे होते. मग बाष्पाचा एक प्रचंड घुमट क्षणात फुगतो व विरतो, आणि आतून पाण्याचा खांब वर चढताना दिसतो. वीस लाख टन पाणी! त्याचा माथा फुलकोबीसारखा फुटतो आणि सारे पाणी खाली कोसळते. मग पायथ्याशी तुषारांची नऊशे फूट उंचीची भिंत तयार होऊन जहाजांवरून चाल करून जाते. हे चित्र आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिले आहे. १९७६ साली ब्रूस कॉनर या अमेरिकी कलावंताने सरकारने खुल्या केलेल्या फितींमधून हा एकच स्फोट निरनिराळ्या कोनांतून पुन्हा पुन्हा दाखवणारा ‘क्रॉसरोड्स’ नावाचा छत्तीस-सदतीस मिनिटांचा चित्रपट केला. तो पाहताना भान हरपते, हे कबूल केले पाहिजे. आणि मागाहून आपल्याच भान हरपण्याची शरम वाटते.

या खांबाच्या छायाचित्रात उजव्या बाजूस एक काळा डाग आहे. ‘आर्कन्सा’ ही सव्वीस हजार टनांची युद्धनौका पाण्याबरोबर उभीच्या उभी उचलली गेली, तोच हा डाग, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. पुढे जाणकारांनी ठरवले की ते जहाज नव्हे. जहाजाच्या तळाने पाणी अडवल्यामुळे खांबात पडलेले ते भगदाड असावे. इतक्या कॅमेऱ्यांसमोर घडलेल्या गोष्टीतही डोळ्याला जे दिसते ते काय आहे, हा प्रश्न उरतोच.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. ‘बेकर’चे पाणी जहाजांवर कोसळले ते किरणोत्सर्गी द्रव्ये घेऊन. ती डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नाही, आणि कॅमेऱ्याच्या भिंगातूनही ती येत नाहीत. त्यामुळे त्यापुढच्या आठवड्यांतली फीत पाहावी तर सर्व कसे प्रसन्न आहे. आकाश निळे, समुद्र निळा. तरणेताठे खलाशी उघड्या अंगाने डेक घासताहेत, साबणाचा फेस उडतो आहे, पाण्याचे फवारे चालले आहेत, कोणी हसतो आहे. जणू दिवाळीआधीची घरझाडणी. पंधरा लाख फुटांत जे टिपले गेले नाही ते त्यांच्या हातांखालच्या रंगाच्या पापुद्र्यांत आणि प्यायच्या पाण्यात होते. घासून ते जात नव्हते. सुरक्षिततेची देखरेख करणारे डॉक्टर, कर्नल स्टॅफर्ड वॉरन, हे काम थांबवा म्हणून सांगत राहिले. आरमारी अधिकाऱ्यांना ते पटेना. दिसत काहीच नाही तर थांबायचे कशासाठी?

शेवटी १० ऑगस्टला वॉरन यांनी ॲडमिरल ब्लँडींपुढे एक छायाचित्र ठेवले. ते कोणत्याही कॅमेऱ्याने काढलेले नव्हते. सरोवरातला एक मासा अंधारात फिल्मवर ठेवला होता, एवढेच. माशाच्या अंगातून निघणाऱ्या किरणांनी फिल्मवर आपोआप माशाची आकृती उमटली होती, अगदी खवल्यांसकट. शरीर ज्याला चुना समजून हाडांत नि खवल्यांत साठवते ते प्लुटोनियम त्या माशाच्या अंगभर पसरले होते. ब्लँडींनी त्याच दिवशी काम बंद करण्याचा हुकूम दिला. ठरलेला तिसरा स्फोटही पुढे रद्द झाला.

बिकिनीच्या सगळ्या चित्रणात अस्सल कागद म्हणावा असा मला हा एकच वाटतो. त्यात दिग्दर्शक नाही, प्रकाशयोजना नाही, रिटेक नाही. ज्याच्यावर संकट आले त्यानेच आपली साक्ष आपल्या अंगाने लिहून दिली.

इकडे राँगेरिकवर काय चालले होते? त्याच्या चित्रणासाठी कोणी मनोरे उभारले नाहीत. बरोबर दिलेली शिधासामग्री थोड्याच आठवड्यांची होती. नारळ लहान व थोडे. १९४७ साली आग लागून त्यांतलीही बरीच झाडे जळाली. मासळी खाऊन माणसे आजारी पडू लागली. १९४८ च्या आरंभी लिओनार्ड मेसन हे मानववंशशास्त्रज्ञ तिथे पोहोचले तेव्हा लोक उपासमारीच्या कडेला आले होते. मग त्यांना क्वाजालीनच्या धावपट्टीशेजारी तंबूंत ठेवले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस किली नावाच्या एकुलत्या बेटावर. किलीला सरोवर नाही. चहूकडून उघडा समुद्र आपटतो, वर्षातले कित्येक महिने होडी घालता येत नाही. सरोवरात मासे धरणाऱ्या कोळ्यांना तिथे आणून बसवले! आपल्या कोकणपट्टीतल्या वाचकांना खाडीतला कोळी आणि उघड्या कातळाचा किनारा यांतला फरक समजावून सांगायला नको.

बिकिनीवर १९५८ पर्यंत एकंदर तेवीस स्फोट झाले. त्यांतला १ मार्च १९५४ चा ‘ब्राव्हो’ हायड्रोजन बाँब हिरोशिमाच्या हजारपट होता. शेजारच्या राँगेलॅप बेटावर पांढरी राख हिमासारखी पडली. ती प्राणघातक आहे हे सांगायला कोणी नव्हते; लोकांना हलवायला जहाज आले ते दोन दिवसांनी. जपानी मासेमारी नौका ‘फुकुऱ्यू मारू’ त्या राखेत सापडली. तिच्यावरचा तारायंत्रवाला कुबोयामा त्याच वर्षी सप्टेंबरात वारला. या स्फोटानंतर महिन्याभरात, २ एप्रिलला, पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या जागच्या जागी थांबवण्याचा करार व्हावा अशी मागणी केली. कोण्या देशाच्या प्रमुखाने केलेली ही या प्रकारची पहिली मोठी मागणी समजली जाते. साठ वर्षांनी, २०१४ साली, त्याच मार्शल बेटांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अण्वस्त्रे बाळगणाऱ्या देशांविरुद्ध दावे लावले, आणि त्यांत भारतही प्रतिवादी होता! २०१६ च्या ऑक्टोबरात नऊ विरुद्ध सात मतांनी तो दावा अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर निकालात निघाला. १९५४ ते २०१४ या प्रवासाबद्दल आपण मराठी नियतकालिकांत फारसे लिहिले नाही, एवढे येथे नोंदवून पुढे जातो.

१९६८ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी बिकिनी आता निर्धोक झाल्याचे जाहीर केले. काही कुटुंबे परतली, नव्या घरांत राहिली, नव्या नारळीचे पाणी प्याली. त्या नारळीने मातीतले सीझियम उचलले होते. माणसांच्या शरीरात ते भराभर वाढते आहे असे दिसल्यावर १९७८ साली सुमारे एकशेचाळीस जणांना पुन्हा उचलावे लागले. त्या दिवसापासून बिकिनीवर नांदते गाव नाही.

१९४६ च्या त्या फिती मात्र जपून ठेवल्या होत्या. कापून टाकलेले तुकडेही होते. सरकारी दप्तराची ही एक गंमत आहे, त्याला काही फेकवत नाही. १९८८ साली रॉबर्ट स्टोन या दिग्दर्शकाने ‘रेडिओ बिकिनी’ हा माहितीपट लोकांपुढे आणला तेव्हा वायट आणि ज्यूदा यांचे ते पुन्हा पुन्हा घेतलेले दृश्य त्यात एकामागून एक दिसले. जे तुकडे चित्रपटगृहात जाऊ नयेत म्हणून बाजूला पडले होते तेच बेटकऱ्यांच्या बाजूचे साक्षीदार ठरले. त्याच माहितीपटात बिकिनीचे वृद्ध प्रमुख किलोन बाउनो आपली हकीकत सांगतात, आणि जॉन स्मिदरमन नावाचे, डेक घासणाऱ्या त्या आरमारातले एक खलाशी आपली. स्मिदरमन बोलतात तेव्हा बराच वेळ फक्त त्यांचा चेहरा दिसतो. शेवटी कॅमेरा मागे येतो, आणि त्यांना दोन्ही पाय नाहीत आणि एक हात सुजून खांबाएवढा झाला आहे, हे कळते.

बिकिनीकरांनी १९८७ साली आपला ध्वज ठरवला. तो मुद्दाम अमेरिकेच्या ध्वजासारखा केला आहे, देणे विसरू नये म्हणून. डाव्या कोपऱ्यात तेवीस पांढऱ्या चांदण्या, म्हणजे त्यांची तेवीस बेटे. उजवीकडे वर तीन काळ्या चांदण्या. ‘ब्राव्हो’ने पुसून टाकलेल्या तीन बेटांच्या त्या. खाली ज्यूदाचे वाक्य त्यांच्या भाषेत लिहिले आहे, सारे देवाच्या हाती आहे, हेच. आणि उजव्या कोपऱ्यात अगदी तळाशी, तेवीस चांदण्यांपासून जेवढे दूर जाता येईल तेवढ्या दूर, आणखी दोन काळ्या चांदण्या आहेत. एक किलीची आणि दुसरी माजुरोच्या सरोवरातल्या एजित बेटाची; बिकिनीचे लोक जिथे जाऊन राहिले ती ही ठिकाणे.